कार्डवाचन

देवरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला वसलेल्या हिरडीटोल्यात खुशाल रामटेक्यांनी स्वतःची एक रीत पाडली होती. सोयरिकीसाठी पाहुणे आले, त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, की पोह्यांच्या ताटल्या येण्याआधी रक्ताची कार्डं बाहेर निघायची. एक मुलाचं, एक मुलीचं. घरातलं शिकलेलं माणूस उभं राहून ती मोठ्यानं वाचायचं आणि मगच पुढचं बोलणं व्हायचं. कुंडली आजोबांनी छप्पन्न सालीच सोडली होती. तिच्या रिकाम्या जागेवर खुशालभाऊंनी हे कार्ड आणून बसवलं. "ग्रहाले पोराच्या दुखन्याचं काय मालूम? रक्ताले विचारा," असं ते म्हणायचे.

कार्ड सिकलसेलचं. त्या भागात हा आजार घरोघरी माहितीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडं धरून ओरडतो. तपासणीनंतर पांढरं कार्ड मिळालं तर रक्त निरोगी. पिवळं म्हणजे वाहक, स्वतःला त्रास नाही पण दोष अंगात आहे. लाल म्हणजे आजारच. पांढऱ्याशी पिवळ्याचं लग्न चालतं. पिवळ्याशी पिवळ्याचं नको, कारण त्यांच्या प्रत्येक मुलामागे चारातून एक वाटा लाल निघण्याचा असतो.

खुशालभाऊ मलेरियाच्या फवारणी पथकातून निवृत्त झालेले. तीस वर्षं गावोगाव ओरडून भांडीकुंडी झाकायला सांगत फिरल्यामुळे आवाज असा कमावलेला, की त्यांना माइकची गरज पडत नसे. विहारात तपासणीचं शिबिर असलं की अर्ध्या तालुक्याला ते या आवाजानंच कळायचं. अक्षरही मोत्यासारखं. त्यामुळे शिबिराचं रजिस्टर लिहायला गावची आशा कार्यकर्ती शामकला त्यांनाच बसवायची.

त्यांची थोरली मुलगी समीक्षा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि देवरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवू लागली. तिचं कार्ड पिवळं. तिनं ते कधी लपवलं नाही. उलट सगळ्यांत आधी स्वतःचंच कार्ड समोर ठेवायची आणि त्याची किंमतही तिनंच मोजली. पहिलं स्थळ 'पिवळं' ऐकताच पोहे न खाता उठलं. दुसरा मुलगा स्वतः पिवळा निघाला, तेव्हा नकार समीक्षानं दिला. तिसऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "कार्ड कायले वाचता जी, मतदान हाये का?" आणि त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं. तोवर २००८ साल संपत आलं. समीक्षाला सत्ताविसावं लागलेलं. विहिरीवर बाया आता तिच्या वयाचा हिशेब तिच्यासमोरच करू लागल्या होत्या.

समीक्षाला मात्र वर्गात उभं राहिलं की या सगळ्याचा विसर पडायचा. पेशी प्रथिन कसं बनवते हा धडा आला की ती बाकं सरकवायची. वर्गाचा एक कोपरा म्हणजे ऑफिस. तिथे टेबलावर एक जाडजूड पुस्तक बांधून ठेवलेलं. मूळ पुस्तक बाहेर न्यायची कोणालाच परवानगी नाही, फक्त हव्या त्या पानाची नक्कल करून न्यायची. ती नक्कल घेऊन रिंकी पारधी धावत वर्गाच्या मध्यभागी यायची. तिथे दोन मुली समोरासमोर उभ्या, त्या म्हणजे मशीन. त्या नक्कल तीन-तीन अक्षरांनी मोठ्यानं वाचायच्या. 'जी-ए-जी!' अशी हाक गेली की ज्या मुलीच्या ओढणीला त्या अक्षरांना जुळणारी चिठ्ठी टाचलेली असेल तिनं आपला मणी आणून द्यायचा. मणी दोऱ्यात ओवला, की मुलगी बाजूला आणि पुढची तीन अक्षरं. मण्यांचे रंग वीस लागतात. देवरीच्या बाजारात अकराच मिळाले, उरलेले नऊ नेलपॉलिशनं रंगवले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीचे एकशे सेहेचाळीस मणी ओवायला दोन तास लागायचे आणि पुढच्या तासाचे गणिताचे सर दाराशी येऊन खाकरायचे.

मग समीक्षा दुसरी नक्कल द्यायची. तिच्यात सगळं तेच, फक्त सहाव्या जागी जी-ए-जीच्या ऐवजी जी-यू-जी. एक अक्षर बदललेलं. हिरव्या मण्याच्या जागी जांभळा येऊन बसायचा. बाकीचे एकशे पंचेचाळीस मणी जिथल्या तिथे. "एवढ्यानं काय होते मॅडम?" असं कोणीतरी विचारायचंच. एवढ्यानंच सिकलसेल होतो, असं ती सांगायची तेव्हा वर्ग गप्प व्हायचा, कारण त्या वर्गात कोणाचा भाऊ, कोणाची मावशी त्या एका मण्यानं गेलेली असायची.

रिंकीनं एकदा विचारलं, "पण मॅडम, मशीनले समजत नाही का, हे गलत आहे म्हणून?"

"नाही. ते फक्त वाचतं. समोर जे लिहिलं असेल ते अक्षर न् अक्षर वाचतं, आणि तसंच बनवतं. चूक लिहिणाऱ्याची."

"बिचारं," रिंकी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

हाच धडा समीक्षानं घरी बापालाही शिकवला होता. चार वाट्या मांडल्या, तांदळाचा दाणा निरोगी, लाखोळीच्या डाळीचा दाणा दोषाचा. आईकडून एक, बापाकडून एक. एका वाटीत दोन तांदूळ, दोन वाट्यांत एक तांदूळ एक लाखोळी, आणि चौथ्या वाटीत दोन्ही लाखोळी. खुशालभाऊंनी वाट्या स्वतः पुन्हा मांडून पाहिल्या. "चारातली एकच," ते म्हणाले, आणि लेकीकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की समीक्षाला ती नजर पुढे फार दिवस पुरली.

तीन जानेवारी २००९ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, हिरडीटोल्याच्या विहारात शिबिर झालं. समीक्षानं कॉलेजच्या मुली आणून मण्यांचा खेळ केला. अख्खा टोला बघायला लोटला. एकीकडे हरेक बोटाला सुई टोचली जात होती, एकीकडे मणी ओवले जात होते, आणि मध्ये खुशालभाऊ रजिस्टर लिहीत बसले होते. समीक्षाला वाटलं, आपण या बापाच्या पोटी जन्मलो हे आपलं नशीबच.

पंधरा दिवसांनी लोकेश शहारेचं स्थळ आलं. चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं गाव. मुलगा कालवा निरीक्षक, धानाच्या बांध्यांना पाणी सोडण्याच्या कामावर, बोलायला शांत. ओसरीत सतरंज्या टाकल्या. वंदना झाली. समीक्षाचं पिवळं कार्ड तिच्या धाकट्या भावानं, बुद्धभूषणनं वाचलं. मुलाचं कार्ड वाचायला खुशालभाऊ स्वतः उभे राहिले. ते हातात उंच धरलं, सगळ्यांना रंग दिसावा म्हणून.

"लोकेश बिसराम शहारे. वय अठ्ठावीस. पांढरं!"

ओसरीतून "साधू! साधू! साधू!" असा गजर उठला. समीक्षाची आई कुसुमबाई दाराआड रडली. समीक्षानं दुरून तो पांढरा रंग पाहिला आणि तिला इतकं हलकं वाटलं की पोह्यांची ताटली पाहुण्यांना द्यायच्या ऐवजी तिनं भावाच्याच हातात दिली. त्यावरून तिला पुढे सहा महिने चिडवलं गेलं. दोन्ही कार्डं खुशालभाऊंनी आपल्या फायलीत लावली, फाईल पेटीत ठेवली आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

लग्न एप्रिलात झालं. पुढच्या मार्चात साक्षी जन्मली. गोल चेहऱ्याची आणि भलतीच हसरी, कोणाच्याही कडेवर जाणारी.

साक्षी दहा महिन्यांची असताना थंडीत एक दिवस तिचे हात सुजले. मग पाय. बोटं गरम, फुगलेली, आणि पोर हात लावू देईना. सासू म्हणाली, विंचू चावला असेल. समीक्षा ती सूज बघतच राहिली. ही सूज तिनं पुस्तकातून शिकवली होती, चित्रासकट. तरीसुद्धा गोंदियाला जाईपर्यंत ती सगळ्या वाटेनं स्वतःला सांगत राहिली की आपल्याला ते शक्यच नाही, आपल्या घरात एक कार्ड पांढरं आहे.

आठवड्यानं साक्षीचं कार्ड मिळालं. लाल.

डॉक्टर बाई समजूतदार होत्या. रोज एक गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला की थेट दवाखाना, सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "दोघांची कार्डं आणा. तुम्ही दोघंही वाहक आहात."

"हे नाहीत. ह्यांचं पांढरं आहे."

डॉक्टर बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा लोकेशकडे पाहिलं. "मग त्यांची तपासणी परत करू," एवढंच त्या म्हणाल्या. लोकेश म्हणाला, कालव्याचं पाणी सोडायचं आहे, पुढच्या वेळी देतो रक्त. पुढच्या वेळी तो आलाच नाही.

घरी मात्र निकाल लागलेला होता. पिवळं कार्ड सुनेचं, म्हणजे पोरीचं दुखणं सुनेनं आणलं. समीक्षा समजावून सांगायची: एका लाखोळीनं काही होत नाही, दोन लागतात, दुसरा दाणा बापाकडून यावा लागतो. ती हे जितकं नीट सांगायची तितकी स्वतःच खड्ड्यात जायची. कारण बापाचं कार्ड पांढरं होतं, ते भर ओसरीत वाचलं गेलं होतं, आणि पांढऱ्या बापाची मुलगी लाल निघत नाही. हा धडा सासूला एका बैठकीत समजला.

"मंग बाई," ती चुलीपुढे बसून म्हणाली, "पोरगी आमच्या लोकेशची हाये ना?"

लोकेश तिथेच पाटावर जेवत होता. समीक्षानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भात कालवला, घास घेतला, पाणी प्यायला आणि उठून हात धुवायला गेला. रागानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आत कुठेतरी तिला त्याची दयाही आली. बिचाऱ्यानं पांढरं कार्ड स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, त्याच्या मनात शंका आली तर त्याचं काय चुकलं, असं तिला वाटलं. ही दया पुढे तिला सगळ्यांत जास्त झोंबणार होती.

आता तिला ते कार्डच हवं होतं. तपासणी चुकली असेल, नमुने बदलले असतील, कार्डावर नंबर असेल, त्यावरून काढता येईल. एका कागदावर तिची इभ्रत अडकली होती आणि कागद बापाच्या पेटीत होता. ती हिरडीटोल्याला आली.

"पेटीची किल्ली हरपली बाई," खुशालभाऊ म्हणाले.

"कुलूप तोडू या बाबा."

"कायले तोडाचं? सापडन. तू आधी पोरीची तब्येत पाह्य." आणि ते साक्षीला कडेवर घेऊन बोरीकडे फिरायला गेले. साक्षी त्यांच्या मिशा ओढत होती. ते जाताना समीक्षाला करगोट्याला किल्ली दिसली. तिला वाटलं, दुसरी कशाची तरी असेल. बापाच्या बाबतीत मन किती सवलती देतं पाहा.

दुपारी नवरा किल्ली काढून आंघोळीला बसल्यावर कुसुमबाईंनी ती घेऊन पेटी उघडली. "पंधरा दिसांपासून हे पेटीपाशीच झोपून राहिले," ती कार्ड लेकीच्या हातात देत म्हणाली. "काय हाये तिच्यात, मले नाई समजत. मले वाचता येत नाई. तुले येते."

समीक्षा परतीच्या बसमध्ये बसली. मांडीवर साक्षी झोपलेली. बस देवरीच्या चौकात थांबली, ट्रकांची रांग जाऊ देण्यासाठी, आणि तिनं पर्समधून कार्ड काढलं. पहिल्यांदाच ते तिच्या हातात आलं होतं. लोकेश बिसराम शहारे. वय अठ्ठावीस. इथवर तिनं ऐकलेलं होतं. खाली आणखी तीन ओळी होत्या. बापानं त्या दिवशी त्या वाचल्या नव्हत्या. तपासणीचा दिनांक तीन जानेवारी २००९. शिबिराचं ठिकाण उपकेंद्र हिरडीटोला. नोंदणी क्रमांक चव्वेचाळीस.

उपकेंद्राचं शिबिर विहारात भरलेलं, आणि तीन जानेवारीला ती तिथेच होती. सकाळी नऊपासून शेवटच्या बोटापर्यंत. लोकेश त्या दिवशी हिरडीटोल्यात आला नव्हता. लोकेशनं हिरडीटोला पाहिला तो अठरा जानेवारीला, ओसरीतल्या सतरंजीवर बसायला. मग त्याच्या नावाचं रक्त कोणी दिलं?

दरवर्षी ती पोरींना सांगायची, अक्षर न् अक्षर वाचा, एकावर सगळं अवलंबून असतं. आणि तिनं स्वतः आयुष्याचं कार्ड रंग बघून सोडून दिलं होतं. सगळ्या टोल्याची तीच सवय होती. बापानं कार्ड उंच धरलं की लोक रंग बघायचे आणि साधू म्हणायचे. रंगाखाली काय लिहिलंय ते कोणी पाहत नसे, कारण वाचणारे खुशालभाऊ असायचे. ती उतरली आणि उलट्या दिशेच्या गाडीनं परत आली, पण बापाकडे गेली नाही. ती शामकलाकडे गेली.

शामकलानं जुनी रजिस्टरं पोत्यात बांधून ठेवली होती. कुरकुर करत तिनं पोतं सोडलं. पान सापडलं. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मोत्यासारखं अक्षर.

त्रेचाळीस: बुद्धभूषण खुशाल रामटेके.

चव्वेचाळीस: लोकेश बिसराम शहारे.

"शामकलाताई, हा चव्वेचाळीस नंबरचा माणूस आठवतो का?"

"मानसं कोन ध्यानात ठेवते बाई? शंभर बोटं होते त्या दिशी." तिनं पोत्याची सुतळी पुन्हा बांधायला घेतली. "पन तुहा भाऊ आठवते. तो दोनदा बसला होता. खुशालभाऊ म्हनले, पहिलं रक्त सुकलं, दुसऱ्या बोटाचं घे. मी घेतलं. काऊन? काही झालं का?"

"काही नाही," समीक्षा म्हणाली.

तिच्या नवऱ्याच्या कार्डावर तिच्या भावाचं रक्त होतं.

संध्याकाळी लोकेश कालव्यावरून आला तेव्हा तिनं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "तुमचं खरं कार्ड कुठे आहे?"

तो बराच वेळ चप्पल काढत बसला. मग कपाटावरची सुटकेस उतरवून तिच्या अस्तराखालून त्यानं काढून दिलं. पिवळं. दोन वर्षं ते तिच्या डोक्यावर, हातभर उंचीवर पडून होतं.

"तुह्या बाबानंच सांगतलं," तो म्हणाला. "शिबिराच्या आधीच, देवरीले, पहिल्याच भेटीत मी दाखोलं होतं त्याईले. मी उठलो होतो जायले. ते म्हनले, बस. पोरगी सत्तावीसची झाली, तिले आता पांढरं कोनी भेटत नाही. मी पाह्यतो म्हनले. तू फक्त बोलू नको."

"आणि आईंनी विचारलं, पोरगी कोणाची? तेव्हा?"

"मले वाटलं, बोललो तं तू सोडून जाशीन."

"म्हणून मला छिनाल ठरू दिलं?"

त्यानं मान खाली घातली. समीक्षाला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तिला फक्त पाटावर भात कालवणारे त्याचे हात आठवत राहिले आणि आपल्याला त्याची दया आली होती हे आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी साक्षीची औषधं, कपडे आणि मण्यांची पिशवी घेऊन तिनं देवरीत कॉलेजजवळ एक खोली घेतली. बापाला ती काही बोलली नाही. बोलायला जागा आणि वेळ तिला तिच्या पसंतीची हवी होती.

ती मे महिन्यात मिळाली. बुद्धभूषणची सोयरीक आली होती. अर्जुनी मोरगावकडची, प्रतापगडाच्या पायथ्याजवळच्या गावातली मुलगी, वडील उदाराम वालदे पोस्टमन. निरोप खुशालभाऊंचाच होता; लेक घर सोडून आली ती सासूच्या बोलण्यामुळे, असंच ते धरून होते. "समीक्षा, कार्डवाचन तुलेच कराचं हाये. तू शिकेल हाय, त्या लोकायवर छाप पडते."

ती साक्षीला घेऊन आली. त्याच ओसरीत त्याच सतरंज्या होत्या. वंदना झाली. आत पोह्यांना फोडणी दिल्याचा वास होता. चौदा महिन्यांची साक्षी आजीच्या मांडीवर बसून गळ्यातली मण्यांची माळ चघळत होती. बुद्धभूषण नव्या शर्टात, कॉलर चाचपत. त्याची बहीण आल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि त्याचं कारण त्याला माहीत असावं, कारण त्यानंही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

समीक्षानं आधी मुलीचं कार्ड वाचलं. नाव, वय, दिनांक, ठिकाण, क्रमांक, पिवळं. सगळ्या ओळी. मग मुलाचं.

"बुद्धभूषण खुशाल रामटेके. वय चोवीस. तीन जानेवारी दोन हजार नऊ. उपकेंद्र हिरडीटोला. क्रमांक त्रेचाळीस. पांढरं."

"साधू!" कोणीतरी सुरुवात केली.

"थांबा," समीक्षा म्हणाली. "या मुलाचं आणखी एक कार्ड आहे." तिनं पर्समधून दुसरं काढलं. आवाज तिला बापाकडूनच मिळाला होता. "लोकेश बिसराम शहारे. वय अठ्ठावीस. तीन जानेवारी दोन हजार नऊ. उपकेंद्र हिरडीटोला. क्रमांक चव्वेचाळीस. पांढरं. हे माझ्या नवऱ्याचं कार्ड. त्या दिवशी माझा नवरा चोरखमाऱ्याच्या कालव्यावर होता. बोट याचं होतं." तिनं भावाकडे बघितलं. "डाव्या हाताचं का उजव्या रे, बुद्धभूषण?"

बुद्धभूषणनं दोन्ही हात मांडीखाली सारले. "ताई, बाबा म्हनले होते, ताईचं भलं होते..."

ओसरीत पोह्यांच्या ताटल्या घेऊन आलेल्या बाया दारातच थबकल्या. उदाराम पोस्टमन हळूच पुढे सरकले. जन्मभर लोकांच्या पत्त्याची ओळ न् ओळ वाचलेला माणूस. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि खालून वर वाचली.

"पोरी," ते म्हणाले, "मंग आमी काय समजाचं? माह्या पोरीचं पिवळं हाये. या पोराचं रक्त चांगलं हाये का नाही?"

"चांगलं आहे काका. दोनदा तपासलंय, दोन्ही वेळा पांढरं निघालं. रक्तात खोट नाही." तिनं बापाकडे पाहिलं. "लिहिणाऱ्यात होती."

खुशालभाऊ उभेच होते. त्यांचा चेहरा उतरला होता, पण हार त्यांनी मानली नव्हती. "समीक्षा, लोकायपुढे बापाची इज्जत काढून राहिली? मी काय माह्यासाठी केलं? तीन स्थळं गेली होती. तू रडत होती, तुही माय रडत होती. अना तूच तं सांगतलं होतं मले, वाट्या मांडून. चारातली एक. तीन वाट्या चांगल्याच निघतात. चौथी आपल्याच वाट्याले येईन, असं काऊन समजाचं?"

हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिनं कल्पना केली होती की बाप घाबरला असेल, कोणाच्या दबावात आला असेल. बापानं हे तिच्याच वाट्यांवरून ठरवलं होतं. तांदूळ आणि लाखोळी मोजून, ज्या डोक्यानं तिचं कौतुक केलं होतं त्याच डोक्यानं. तिचा धडा घेऊन त्यानं तिच्यावरच डाव लावला होता. आता रडू आलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

"मला विचारायचं होतं बाबा. वाट्या माझ्या होत्या, पोटही माझंच होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. नवरा खोटं बोलला, तो लग्नाच्या दिवसापर्यंत परकाच होता. तुम्ही का? माझा सगळा विश्वास तुमच्यावर होता, म्हणून मी ते कार्ड हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही वाचलंत ना, म्हणून."

कुसुमबाईंनी साक्षीला घट्ट धरलं होतं. साक्षी सगळ्यांची तोंडं पाळीपाळीनं बघत होती आणि आजोबा दिसताच तिनं हात पुढे केले. सवयीनं खुशालभाऊंचेही हात उचलले गेले. समीक्षानं त्या उघड्या हातात तिसरं कार्ड ठेवलं.

"हे राहिलंय. याचं वाचन झालं नाही अजून. तुम्ही वाचा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्यांनी कार्डाकडे बघितलं. अर्ध्या तालुक्याला शिबिराला बोलावणारा तो आवाज आता पहिल्या सतरंजीपर्यंतही पोचत नव्हता.

"साक्षी... लोकेश शहारे," त्यांनी वाचलं. "वय... दहा महिने. दिनांक..." त्यांनी दिनांक वाचला. ठिकाण वाचलं. क्रमांक वाचला. या वेळी एकही ओळ सोडली नाही. मग कार्ड खाली केलं आणि उभे राहिले.

कोणी साधू म्हटलं नाही. आत कढईतले पोहे खाली लागल्याचा वास येत होता आणि कोणी उठत नव्हतं.

"रंग, बाबा," समीक्षा म्हणाली. "रंग वाचायचा राहिला."